तीन थापा

हरेशने थोरल्या भावाला उताणं पाडलं, त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. जनूचं तोंड आधी लाल झालं, मग काळपट पडत गेलं. त्याच्या टाचा ओल्या मातीत रेघा ओढत होत्या. आजूबाजूला कुंपणाचे उपटलेले लोखंडी अँगल पडले होते, आणि त्यातल्याच एकाने जनूने थोड्या वेळापूर्वी हरेशचं कपाळ फोडलं होतं. ते रक्त हरेशच्या भुवईवरून ठिबकत होतं आणि खाली भावाच्या दातांवर पडत होतं.

बांधावर बदलापूरच्या मांजर्लीतली पाच-सहा माणसं जमली होती. मध्ये कोणी पडत नव्हतं. भावाभावांत जमिनीवरून जुंपली की सोडवायला जाणाऱ्याचं डोकं आधी फुटतं, हे सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं होतं. त्या दोघांची आई पुतळाबाई एकदा याचं नाव घेऊन ओरडत होती, एकदा त्याचं.

"हरेश! सोड रं! मरंल तो! जनू, आरं जनू!"

जनूच्या टाचा थांबत आल्या तेव्हा त्याची मुलगी विनिता बांधावरून धावत सुटली. चौथीतली पोर. आता ही काकाच्या पाठीवर बुक्क्या मारणार, रडणार, फार तर त्याच्या हाताला चावणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने त्यातलं काहीच केलं नाही. तिने दोघांच्या शेजारी चिखलात पालथी उडी घेतली, गाल जमिनीला टेकवून बापाचे खांदे पुरते टेकलेत ना ते नीट पाहिलं, आणि हात उंच उचलून चिखलावर सणसणीत थाप मारली.

"वन!"

चिखल हरेशच्या तोंडावर उडाला.

"टू!"

बांधावर कोणीतरी हसलं. असल्या वेळीही माणसं हसतात, त्याला इलाज नाही.

"थ्री!"

आणि हरेशने हात सोडले.

विचार करून सोडले असं म्हणता येणार नाही. विचार करण्याच्या स्थितीत तो नव्हताच. तिसरी थाप ऐकली आणि त्याचे हात आपसूक सुटले, तो उठला, मागे सरला, आणि सवयीने त्याचा उजवा हात अर्धवट वर गेला. धापा टाकत तो पुतणीकडे पाहत राहिला. पुतणीही चिखलाने माखलेल्या तोंडाने त्याच्याकडे पाहत होती. क्षणभर दोघांनाही वाटलं, संपलं.

जनूला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कुशीवर वळला, खोकला, ओकला. त्याच्या हाताला अँगल लागला. तो गुडघ्यावर उठला आणि त्याने सगळ्या ताकदीने तो अँगल हरेशच्या वर गेलेल्या हातावर हाणला. पहिला घाव कोपरावर बसला. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. दुसरा खांद्यावर. हरेश खाली बसला तरी तो मारत राहिला, आणि डोक्यावर उगारलेला घाव बसण्याआधी मात्र बांधावरची सगळी माणसं एकदम धावली. इतका वेळ कुठे होती कोण जाणे.

"मॅच संपली ना!" विनिता घसा फोडून ओरडत होती. "बाबा, मॅच संपली!"

ही मॅच म्हणजे टीव्हीवरच्या कुस्तीची. आखाड्यातली नव्हे, हौद्यातली नव्हे, तर झगमगीत दिव्यांतली, खुर्च्या डोक्यात घालायची, दोरांवरून उड्या मारायची ती कुस्ती. हरेश आनंदनगरच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता, लग्न व्हायचं होतं, आणि पहिल्या बोनसमधून त्याने उल्हासनगर कॅम्प दोनमधून एक टीव्ही आणला होता. टीव्हीच्या पाठीवर 'मेड इन यूएसए' असा चकचकीत स्टिकर. हे यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे बदलापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण दुकानदाराने छातीवर हात ठेवून "साईं, असली माल है" म्हटलं, आणि हरेशनेही असली माल घेतल्याच्या थाटात टीव्ही रिक्षात घातला. डबा कुठलाही असो, चित्र चांगलं यायचं.

घराच्या मागच्या बाजूला त्याची खोली होती. पाळी संपवून तो आला की विनिता आधीच खाटेवर बसलेली असायची. पैलवानांची लांबलचक इंग्रजी नावं हरेशच्या जिभेवर बसत नसत, म्हणून काका-पुतणीने आपली नावं ठेवली होती. एक टकल्या, एक दाढीवाला, एक सारखा मार खाणारा तो गरीब. टकल्याने दाढीवाल्याला टेबलावर आपटलं, टेबलाचे दोन तुकडे झाले, की दोघंही एकदम ओरडायचे. पुतळाबाई पुढच्या घरातून विचारायची, "कोन मेला रं?"

मॅच संपली की गादी खाली अंथरायची आणि यांची सुरू व्हायची. हरेश तिला खांद्यावर उचलून हलकेच गादीवर टाकायचा, ती त्याच्या मानेला लटकायची. तिच्या कोपराने एकदा त्याचा ओठ फुटला होता. नियम मात्र पक्का होता. कोणी जमिनीवर थाप मारली की सोडायचं. खांदे टेकवून तीन थापा पडल्या की उठायचं, आणि जिंकणाऱ्याने हात वर करायचा. मग राग असो, जोर असो, मजा येत असो, उठायचं म्हणजे उठायचं.

"नाय उठला तर?" विनिताने एकदा विचारलं होतं.

"मंग ती कुस्ती नाय. मंग ती मारामारी."

पोर या खेळाच्या नादी का लागली, याची कारणं तिच्या आईला टीव्हीत दिसायची. खरं कारण घरातच होतं. जनू वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता, जत्रेत पोरीला खांद्यावर बसवून फिरवायचा. पण एकदा हात उचलला की थांबायचं कुठे हे त्याला कळत नसे. बैलाला मारायला लागला तर बैल बसेपर्यंत मारायचा. मागल्या वर्षी विनिताने त्याचा मोबाईल पाण्यात पाडला, तेव्हा पट्टा काढून सुरुवात केली ती तिची आई मध्ये आडवी पडेपर्यंत, आणि नंतर आईवरही दोन बसलेच. विनिता तेव्हा जमिनीवर तळहात आपटत होती. बापाला वाटलं, पोर थयथयाट करते आहे.

टीव्हीवर तसं नव्हतं. तिथे रक्त निघायचं, माणसं कळवळायची, पण पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला एक बारकासा माणूस जमिनीवर हात आपटायचा आणि डोंगराएवढे राक्षस मुकाट बाजूला व्हायचे. विनिताला तो टकल्यापेक्षाही आवडायचा. आपल्या घरात असा एक माणूस पाहिजे, असं तिला फार वाटायचं.

नदीकाठच्या शेतात पुराने गाळ आणून टाकला त्याच्या पुढच्या वर्षी बिल्डर आला. जनू विकायला तयार होता, हरेश सहीला तयार नव्हता. बोलणं आधी तुटलं, मग चूल वेगळी झाली. जनूने आपल्या वाट्याचं म्हणून अर्ध्याहून जास्त शेताला अँगल ठोकले, आणि रविवारी दुपारी हरेशने ते उपटायला घेतले. पुढचं सांगून झालंच आहे.

सोमवारी सकाळी जनूने पोरीला पोलीस चौकीत नेलं. बांधावरच्या साक्षीदारांनी, आम्ही आलो तेव्हा सगळं उरकलं होतं, असं सांगून हात झटकले होते. वाटेत जनू तिला दहादा सांगत होता.

"काका माज्या छातीवर व्हता, तवा मी मारला. येवढाच बोलाचा. समजला?"

विनिताने मान हलवली नाही. जनूच्या गळ्यावर पाचही बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. तिला त्याची भीती वाटत होती आणि कीवही येत होती. पण काकाने नियम पाळला होता, आणि हे जर तिने सांगितलं नाही, तर दुसरं कोण सांगणार?

हवालदार साताऱ्याकडचा, वयस्कर, पोराबाळांचा माणूस दिसत होता. त्याने तिला बिस्कीट दिलं. जनूच्या गळ्याचं फार मनावर घेतलं नाही.

"घाबरू नको बाळ. मला फक्त एक सांग. बाबांनी मारलं, तेव्हा काका कुठं होता?"

"उभा होता. त्याने सोडलं होतं."

जनूची खुर्ची करकरली. हवालदाराने त्याला हातानेच गप्प बसवलं.

"कधी सोडलं?"

"मी थाप मारली तेव्हा."

हवालदाराचं पेन थांबलं. "थाप मारलीस? कुणाला?"

"दोघांना. तीन मारल्या."

"तीन थापा?" हवालदाराने चष्म्यावरून पाहिलं. पलीकडच्या टेबलावरची बाई कॉन्स्टेबल हसायला लागली.

"हो. तिसरी मारली आणि काका उठला."

"बरं. म्हणजे तिथं थापा मारल्यास. आणि आता?"

"आता नाही मारत. तेव्हा मारल्या. खरंच मारल्या!"

आता सगळी चौकी हसली. आपण काय चुकीचं बोललो हे विनिताला कळेना. थाप म्हणजे थाप. ती मारली की माणूस सोडतो. मोठ्या माणसांना एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, म्हणून तिने हात उचलला आणि समोरच्या टेबलावर फाडकन आपटला. चहाचा ग्लास लवंडला, चहा कागदांवर गेला.

"ए! हात खाली!"

"अशी मारली! रेफरी मारतो तशी!"

"कसला रेफरी?"

"आमच्या शेतान कसला रेफरी, सायेब," जनू घाईघाईने म्हणाला. "टीव्ही बघून डोक्यावर परिनाम झालाय तिच्या. थापाडी हाय पोर. लानपनापासून थापाडी."

हवालदार ओले कागद झटकत होता. त्याची माया आटली होती. "पोरीचं राहू दे," तो जनूला म्हणाला. "जखमीचा जबाब घेतो. तो म्हणाला, मी सोडून उठलो होतो आणि मग मारलं, तर तुला हाफ मर्डर लागतो. मग मला सांगू नकोस."

परतताना जनूने पोरीला मारलं नाही. घराच्या दाराशी आल्यावर तो पायरीवर बसला आणि आत जायलाच तयार होईना. बाप घाबरलेला विनिताने त्याआधी कधी पाहिला नव्हता.

हरेश उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात होता. पुतळाबाई दुपारी डबा घेऊन निघाली तेव्हा विनिता तिच्या पदराला धरून गेली. काकाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता, कपाळाला टाके. कोपर आता वळणार नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. प्रेस मशीनवर दोन्ही हात लागतात, हे कोणी बोलून दाखवलं नाही. खाटेवर जागा होती तरी विनिता उभीच राहिली.

"लय दुकतं, काका?"

"नाय गं."

तेवढ्यात हवालदार आला. त्याने स्टूल ओढलं, कागद मांडीवर घेतले आणि सगळं रीतसर विचारलं. मग पेन उलटं धरून कान खाजवत म्हणाला, "आता नीट आठवून सांगा. भावानं मारलं तेव्हा तुम्ही त्याच्या छातीवर होता, का सोडून उठला होता? तुमची ही पुतणी म्हणते, उठला होता. तिनं म्हणे थापा मारल्या, म्हणून."

"काय बोलली ती?" हरेशने विचारलं.

"तीन थापा मारल्या, म्हणते. स्वतःच कबूल करते." हवालदाराला पुन्हा हसू आलं.

हरेश हसला नाही. विनिता खाटेच्या जवळ सरकली. आता सांगेल. सगळ्या बदलापुरात थाप म्हणजे काय हे दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं दुसरं आता बोलणार होतं. सकाळपासून तिला थापाडी म्हणणाऱ्या सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

पुतळाबाई डब्याचं झाकण दोन्ही हातांत धरून बसली होती. "हरेश," ती हळूच म्हणाली, "एक पोरगा हितं पडलाय."

हरेशने नजर वरच्या पंख्याकडे वळवली. पंख्याकडे बघतच तो म्हणाला, "नाय सायेब. मी उठलो नवतो. छातीवरच व्हतो. गला धरलेला. त्यानं सुटाला मारला."

"काका!" विनिता किंचाळली. वॉर्डातली माणसं वळून पाहायला लागली. "तू उठलेलास! मी तीन मोजले! तू उठलेलास, काका!"

"बघ बाळ," हवालदार म्हणाला, "काकाच सांगतोय. मग आता थाप कोणी मारली?"

हरेशने मान वळवली. आता तो सरळ तिच्याकडे पाहत होता.

"तिनंच मारली, सायेब," तो म्हणाला. "थाप तिनंच मारली. जोरान मारली. बराबर तीन मारल्या. एक पन चुकली नाय."

"लई थापाडी दिसते," हवालदार म्हणाला, आणि लिहायला लागला.

एका जबाबात एक वाक्य खोटं होतं आणि एक खरं, आणि त्या भल्या माणसाने दोन्ही उलटी धरली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

विनिताने खाटेला लाथ मारली आणि ती व्हरांड्यात पळाली. भिंतीशी बसून ती हुंदके देत राहिली. तिला काकाचा इतका राग आला होता की त्याचा दुसरा हातही मोडावा असं वाटत होतं. मग रडणं ओसरलं तसं तिच्या डोक्यात एक गोष्ट अडकून बसली. छातीवरच होतो म्हणताना काका पंख्याकडे बघत होता. थाप तिनंच मारली म्हणताना तिच्याकडे बघत होता. ती ते पुन्हा पुन्हा आठवत राहिली. पुतळाबाई रिकामा डबा घेऊन बाहेर आली, तेव्हा पोर गप्प झाली होती.

"चल," आजी म्हणाली. "बापाला सांगू, जेव म्हनावं आता."

त्या गोष्टीला वीस वर्षं होत आली. हरेशने सही केली ती डाव्या हाताने, अंगठ्यासारखी वाकडीतिकडी. शेतावर टॉवर उभा राहिला. दोन्ही भावांना त्यात फ्लॅट मिळाले, वेगवेगळ्या विंगमध्ये. आधी बोलणं बंद, मग पुतळाबाईच्या दिवसांना बोलावं लागलं, मग हळूहळू येणं-जाणं. त्या रविवारचं नाव मात्र दोघांनीही कधी काढलं नाही. हरेशचं लग्न झालं नाही. विनिता आनंदनगरला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागली, आणि टीव्हीवरची कुस्ती तिची काही सुटली नाही. टकल्या गेला, दाढीवाला गेला, नवे आले, तेही म्हातारे झाले. लॅबमधली हिमानी तिला चिडवते, "विनिता, या वयात? अगं, पोरांचं आहे ते." विनिता हसून सोडून देते. मॅच संपली की कॅमेरा जिंकणाऱ्याच्या मागे जातो, फटाके उडतात, गाणं लागतं. ती मात्र पडद्याच्या कडेला बघत राहते, खाली पडलेला दिसतोय का. तो उठून बसेपर्यंत तिला चैन पडत नाही. त्याला खरंच लागलं तर नाही ना, हे तिला आधी बघायचं असतं.

रविवारी दुपारी हरेश तिच्याकडे येतो. गेल्या रविवारीही आला होता. जनू आता थकलाय, साखर वाढलीय, डोळ्यांना कमी दिसतं. तो मधल्या खोलीतून पाणी प्यायला आला आणि जाता जाता टीव्हीपुढे थांबला. पडद्यावर एक उंच माणूस दुसऱ्याला खुर्चीने बडवत होता. बडवला जाणारा हात पुढे करत होता, पडत होता, पुन्हा उठत होता.

"ह्यो सगला ठरलेला असतं," जनू म्हणाला. "कोनी हराचा तं आदीच ठरवतान. बराबर ना रं?"

विनिताने चहाची बशी टीपॉयवर ठेवली.

"हा दादूस," हरेश म्हणाला. "ठरलेलाच असतं."

"मंग बघतंस कनाला?"

हरेशने डाव्या हाताने कप खाली ठेवला. उजवा हात मांडीवर होता, कोपरात ताठ, नेहमीसारखा.

"हरनारा कसा पडतं, तं बघाला."

जनू पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. पडद्यावर खांदे टेकले, पट्ट्यांच्या शर्टातल्या माणसाने तीनदा हात आपटला, घंटा वाजली. उंच माणूस दोरांवर चढून नाचला आणि निघून गेला. विनिताने रिमोट उचलला नाही. जनूने तांब्या टीपॉयवर ठेवला, चाचपडत खुर्ची ओढली आणि तो भावाच्या उजव्या बाजूला बसला.

"उठला का गं तो?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "मना दिसत नाय."